दाखल्यावरचं वय आणि अंगातलं वय
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला "सॉफ्टवेअरमधल्या करिअर"वर बोलायला सांगितलं होतं. तो विषय मी त्यांच्या परवानगीने बदलला आहे. आपल्यातल्या निम्म्या लोकांची मुलंच आता त्या क्षेत्रात आहेत आणि ती आपल्याला शिकवतात. मी बोलणार आहे आपल्या आईवडिलांबद्दल. समोर पहिल्या रांगेत आपले सर आणि बाई बसले आहेत, म्हणून थोडी भीत भीत बोलणार आहे.

एका तारखेपासून सुरुवात करते. १ जून. आपल्या आईवडिलांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला मास्तरांपुढे उभं केलं जायचं आणि मास्तर अंदाजाने तारीख टाकायचे. माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, दाखल्यावरची जन्मतारीख १ जून १९४७. आमची आजी मात्र सांगायची, "पत्री सरकारच्या धामधुमीत झाला हा." म्हणजे १९४३ ते ४६ या काळातला. तेव्हा सातारा आणि सांगली हा एकच जिल्हा होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. थोडक्यात, आबांचं नेमकं वय कागदालाही माहीत नव्हतं आणि आबांनाही नव्हतं.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये आबांना फुफ्फुसाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. खोकला बरेच महिने होता. आपल्याकडे वाकलेला, वाळलेला, खोकणारा म्हातारा म्हटला की आधी टीबी आठवतो. आबांचंही तसंच झालं. आजार तिसऱ्या टप्प्यात होता. गाठ छातीतच होती पण जवळच्या गाठींमध्ये पसरलेली. शस्त्रक्रिया शक्य नव्हती. रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला "शेक" किंवा "लाईट" म्हणतात, ते देता येणार होतं. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, एकूण तीस वेळा. सोबत आठवड्यातून एकदा केमोचा सौम्य डोस.

घरात बैठक बसली. अशा बैठकीत एक वाक्य हमखास येतं आणि ते प्रेमानेच येतं: "आता वय झालंय, कशाला त्रास द्यायचा?" आमचे काका असं म्हणाले. माझा भाऊ म्हणाला, "पैसे किती का लागेनात, सगळं करायचं. मोठ्यात मोठा उपाय करायचा." दोघंही आबांच्या भल्याचंच बोलत होते. पण दोघांच्या बोलण्यात आबा कुठेच नव्हते. काकांच्या डोळ्यांसमोर होता वयाचा आकडा आणि भावाच्या डोळ्यांसमोर स्वतःचं कर्तव्य. आबा कोपऱ्यात बसून पानाला चुना लावत होते.

माझा धंदा असा आहे की एखादी प्रणाली लोकांच्या हाती देण्याआधी आम्ही तिच्यावर भार टाकून बघतो. हजार माणसं एकदम आली तर काय होईल? ती किती वर्षांपूर्वी लिहिलेली आहे, यावरून तिचा दम कळत नाही. वीस वर्षं जुनी प्रणाली तगते आणि सहा महिन्यांची कोसळते. कुठला सांधा कच्चा आहे ते आधी शोधावं लागतं. माझ्या मनातला प्रश्न तोच होता. तीस दिवसांचा हा भार या माणसाला पेलेल का, आणि पेलणार नसेल तर कुठून तुटेल?

या प्रश्नाला वैद्यकशास्त्रात रीतसर उत्तर आहे, हे मला मिरजेत कळलं. आबांना तपासणाऱ्या रेडिएशनच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "उपचार ठरवायच्या आधी मला यांच्यासाठी एक तास हवा. गाठीसाठी नाही, यांच्यासाठी." त्याला जेरियाट्रिक असेसमेंट म्हणतात. आपण सर्वांगीण वृद्ध-तपासणी म्हणू.

ही कल्पना नवी नाही. १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरेन नावाच्या डॉक्टरबाईंकडे अनाथ-गरिबांच्या दवाखान्यातले सातशेहून जास्त रुग्ण आले. बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले, "आता यांचं काही होणार नाही" म्हणून सोडून दिलेले. वॉरेनबाईंनी एकेकाला नीट तपासलं. कुणाला नेमकं काय जमत नाही आणि का, याची नोंद केली. कितीतरी जण उठून चालायला लागले, काही घरी गेले. १९६३ मध्ये सिडनी कॅट्झ यांनी रोजच्या क्रियांची मोजपट्टी दिली: आंघोळ, कपडे, संडास, उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवण. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी त्यापुढची दिली: फोन, बाजार, स्वयंपाक, औषधं, पैशांचा हिशेब, प्रवास. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २०१८ पासून वृद्ध कर्करुग्णांसाठी असा खास विभाग चालतो. डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उभा केला. परदेशात साधारण पासष्टी-सत्तरी ही सीमा धरतात. आपल्याकडे साठीपासूनच बघावं लागतं.

आता आबांच्या त्या एका तासात काय झालं ते सांगते.

पहिली परीक्षा खुर्चीची. खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. घड्याळ लावून. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. आबांना सतरा लागले. वर्षभरात किती वेळा पडलात, असं विचारल्यावर आबा म्हणाले, "पडलो नाही." आत्या शेजारी होती. ती म्हणाली, "दोनदा. एकदा न्हाणीत, एकदा गोठ्यात." हे आम्हा भावंडांना ठाऊकच नव्हतं.

मग औषधांची पिशवी. बाईंनी मुद्दाम सांगितलं होतं की चिठ्ठ्या नकोत, घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा. नऊ प्रकार निघाले. त्यात गावात मिळालेली झोपेची गोळी होती आणि लघवीच्या त्रासासाठीची एक होती, जिने उठताना चक्कर येते. दोन्ही रात्रीच घ्यायच्या. म्हणजे रात्री लघवीला उठायचं आणि तोल जायचा. पडण्याचं कारण पायांत कमी आणि पिशवीत जास्त होतं.

मग वजन. सहा महिन्यांत अठ्ठावन्नावरून बावन्न. का जेवत नाहीत, यावर घरातलं उत्तर होतं, "आजारामुळे." बाईंनी तोंडात बघितलं. कवळी सैल झाली होती. भाकरी चावताना हिरडी सोलायची, म्हणून आबा दूध-भात खाऊन उठायचे.

मग कान. उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं. तुम्ही म्हणाल, फुफ्फुसाच्या उपचारात कानाचं काय काम? मशीन चालू होतं तेव्हा खोलीत रुग्ण एकटा असतो. "हलू नका, श्वास संथ ठेवा" हे त्याला स्पीकरवरून सांगतात. ऐकूच आलं नाही तर?

मग खांदा. छातीच्या रेडिएशनला दोन्ही हात डोक्यावर घेऊन कडक फळीवर उताणं पडावं लागतं, पंधरा-वीस मिनिटं, आणि रोज अगदी त्याच स्थितीत. किरण कुठून सोडायचे याचा हिशेब त्या स्थितीवर बेतलेला असतो. आबांचा डावा हात कानाच्या वर जातच नव्हता. आणि वजन उतरत गेलं तर शरीराचा आकार बदलतो आणि बसवलेला हिशेब पुन्हा करावा लागू शकतो. म्हणजे कवळी, खांदा आणि कान या तिन्ही गोष्टी थेट उपचाराच्या होत्या.

स्मरणशक्तीसाठी तीन शब्द लक्षात ठेवायला दिले आणि मध्ये घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. आबांनी तिन्ही शब्द सांगितले आणि अकरा वाजून दहा मिनिटंही बरोबर दाखवली. ही परीक्षा लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी आहे. ज्या आजीने कधी पेन धरला नाही तिला घड्याळ काढता आलं नाही, तर ती विसरभोळी ठरत नाही. तिच्यासाठी वेगळ्या कसोट्या आहेत. तसंच "स्वयंपाक करता येतो का?" या प्रश्नाला आबांनी आयुष्यभर "नाही" असंच उत्तर दिलं असतं. चाळिशीतही. परदेशी मोजपट्टी आपल्या घरात आणताना ती आधी आपल्या उंबऱ्यावर घासून घ्यावी लागते.

मग मन. "गेल्या काही आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, असं झालं का?" आबा गप्प बसले. आई जाऊन चौदा महिने झाले होते. ते घरात एकटेच राहायचे. भाऊ पुण्यात, मी बंगळुरूला. आम्ही रोज फोन करायचो आणि ते रोज "ठीक आहे" म्हणायचे.

शेवटचा प्रश्न बाईंनी आबांजवळ खुर्ची ओढून, डाव्या कानाशी विचारला. "आबा, या सगळ्यात तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं?" मला वाटलं, आबा म्हणतील, "बरा होऊ दे." ते म्हणाले, "माझी आंघोळ मला करता आली पाहिजे. ती दुसऱ्यानं घालायची वेळ येऊ नये." मग थोडं थांबून, "आणि पुढच्या सालचा घेवडा बघायचाय." कोरेगाव तालुक्यातला माणूस दुसरं काय मागणार!

घरातल्या त्या बैठकीत दीड तास चर्चा झाली होती, आणि हा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारला नव्हता.

त्या तपासणीतून निघालेली यादी एका पानावर मावली. झोपेची गोळी हळूहळू बंद, दुसरी गोळी बदलली. कवळी नीट बसवली. कानाला यंत्र. आहारतज्ज्ञ बाईंनी रोज दोन अंडी, पातळ पिठलं, दूध, शेंगदाण्याचा लाडू असं आपल्या घरातलंच लिहून दिलं. खांद्यासाठी आणि पायांसाठी व्यायाम. न्हाणीत पकडायला कडी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे राहायचं कुठे? कोरेगावहून मिरज रोज जाऊन-येऊन करणं अशक्य. सांगलीला आत्या आहे. आबा सहा आठवडे तिच्याकडे राहिले. आतेभाऊ रोज मिरजेला न्यायचा. शनिवार-रविवार सुट्टी म्हणून आबा दोनदा एसटीने घरी आले. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना त्याच ऑगस्टमध्ये एसटीचा प्रवास मोफत झाला होता. तिथे मात्र दाखल्यावरची १ जून अगदी वेळेवर कामाला आली.

तयारीत दोन आठवडे गेले. ज्या वेळात सीटी स्कॅन आणि किरणांची आखणी होते त्याच वेळात खांदा आणि कवळीचं काम झालं, त्यामुळे उपचार लांबले नाहीत. मग डॉक्टरांनी ठरवलं: पूर्ण तीस दिवसांचं रेडिएशन आणि सोबत सौम्य केमो, सोसवेल तितकंच. वयाकडे बघून अर्धवट उपचार नाही, आणि भावाच्या हट्टासाठी वाजवीपेक्षा जास्तही नाही. याला आधार आहे. जपानमध्ये सत्तरीपुढच्या २०० रुग्णांवर चाचणी झाली आणि २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. नुसतं ६० ग्रे रेडिएशन घेतलेल्यांचं मध्यम आयुर्मान १६.९ महिने होतं, तर सोबत सौम्य केमो घेतलेल्यांचं २२.४ महिने. म्हणजे सत्तरी उलटली एवढ्याच कारणाने कमी उपचार देणं बरोबर नाही. पण त्या चाचणीत बऱ्यापैकी हिंडते-फिरते लोकच घेतले होते. आपल्या समोरचा माणूस त्यांच्यातला आहे का, हे ठरवायला ती एक तासाची तपासणी लागते.

तिसऱ्या आठवड्यात आबांना गिळताना दुखायला लागलं. छातीच्या रेडिएशनमध्ये अन्ननलिकाही भाजून निघते, त्यामुळे हे होतं. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरगुंडी उडाली नाही. जेवण पातळ झालं, औषध मिळालं, केमोचे शेवटचे दोन डोस डॉक्टरांनी दिले नाहीत. रेडिएशन तीसच्या तीस दिवस पूर्ण झालं. शेवटी वजन भरलं एक्कावन्न. एकच किलो गेलं.

आता जे कळलं आहे ते आणि जे सिद्ध झालेलं नाही ते, दोन्ही सांगायला हवं. नाहीतर मी तुम्हाला चमत्कार विकते आहे असं होईल. अमेरिकेत सत्तरीपुढच्या सातशेवर कर्करुग्णांची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या डॉक्टरांच्या हातात अशा तपासणीचा अहवाल होता, त्यांच्या रुग्णांत उपचारांचे गंभीर दुष्परिणाम ७१ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आले आणि आयुर्मान घटलं नाही. फ्रान्समध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या वृद्ध रुग्णांत या तपासणीवरून उपचार ठरवले. त्यांचं आयुष्य वाढलं नाही, पण त्रासामुळे उपचार फसण्याचं प्रमाण जवळजवळ बारा टक्क्यांवरून पाचाच्या खाली आलं. मात्र हे सगळं मुख्यतः केमोच्या रुग्णांचं. रेडिएशनच्या बाबतीत पुरावा अजून तोकडा आहे. डेन्मार्कमधल्या एका छोट्या चाचणीत जीवनमानात ठळक फरक दिसला नव्हता. त्यामुळे या तपासणीने आयुष्य वाढतं असं मी म्हणणार नाही. ती डॉक्टरांना आणि घरच्यांना समोरचा माणूस दाखवते, एवढंच म्हणेन. आणि नुसता कागद भरून काही होत नाही. कवळी सैल आहे असं लिहिलं आणि कवळी बसवली नाही, तर तो तास वाया गेला.

आबा त्यानंतर एकोणीस महिने जगले. २०२३ चा घेवडा त्यांनी पाहिला. पाऊस कमी होता, पीक बेताचं आलं आणि त्यावर ते भरपूर बोलले. २०२४ च्या पावसाळ्यात ते घरी गेले. शेवटचे बारा दिवस सोडले तर आंघोळ त्यांनी स्वतः केली. ते बारा दिवस भावाने घातली. त्याआधी त्याने त्यांना विचारलं होतं आणि आबांनी मान डोलावली होती. माझ्या भावाच्या तोंडून "मोठ्यात मोठा उपाय" हे शब्द पुन्हा कधी आले नाहीत.

मित्रमैत्रिणींनो, आपण पंचेचाळिशीत आहोत. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरी अशी एखादी बैठक बसणार आहे. कर्करोगच असेल असं नाही. गुडघा असेल, हृदय असेल. त्या वेळी चार गोष्टी आठवा. "वय झालंय" आणि "काहीही करून" ही दोन्ही वाक्यं बाजूला ठेवा. डॉक्टरांना विचारा, "उपचार ठरवण्याआधी यांची वृद्ध-तपासणी होईल का?" वेगळा विभाग नसेल तरी खुर्ची, घड्याळ, वजनकाटा आणि औषधांची पिशवी एवढ्यावर बरंच काम होतं. छातीचं रेडिएशन संपल्यावर पुढचे सहा महिने नवा कोरडा खोकला, दम किंवा ताप आला तर "सर्दी असेल" म्हणून घरी बसू नका, रेडिएशनच्या डॉक्टरांना लगेच कळवा. आणि ज्याचं शरीर आहे त्याला, त्याच्या चांगल्या कानाशी जाऊन विचारा की त्याला काय हवं आहे.

पैशांचं सांगते. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. त्याचं कार्ड आजार व्हायच्या आधी काढून ठेवा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे.

सर, बाई, तुमच्याशी एक शब्द. तुम्ही आम्हाला दर महिन्याला चाचणी दिलीत आणि "घाबरू नका, कुठे कमी पडता ते कळावं म्हणून घेतो" असं सांगितलंत. आता ते वाक्य आम्ही तुम्हाला सांगतो आहोत. पडलात तर लपवू नका. ऐकू येत नसेल तर हसून मान डोलावू नका.

आणि शेवटी मागणं. आबांचा उपचार पुरा झाला तो सांगलीत आत्याचं घर होतं म्हणून. वाई, खटाव, माणमधून मिरजेला किंवा कराडला येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांची आत्या सांगलीत नसते. आपल्या तुकडीतले अकरा जण आज सांगली-मिरजेत आणि सहा जण कराडला राहतात, ही यादी मी संयोजकांकडून घेतली आहे. बाहेर नोंदणीच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. ज्याच्या घरी सहा आठवडे एखादी खोली देता येईल त्याने नाव लिहावं. खोली नसेल तर आठवड्यातली एक सकाळ, गाडी घेऊन. तीही नसेल तर महिन्यातला एक डबा. ज्यांचे आईवडील किंवा जे शिक्षक उपचाराला येतील त्यांना ही वही उपयोगी पडेल. पहिलं नाव माझ्या आतेभावाचं आहे. तो आपल्या शाळेचा नाही, पण त्याने हट्टाने लिहायला लावलं आहे.

तुम्ही शांतपणे ऐकलंत. वर्गात असताना तुम्ही इतके शांत कधीच नव्हता.